प्रॉक्सीच्या आड डॉकर : सॉफ्टवेअर बसवण्याच्या आदल्या दिवशी वाचावं असं पत्रक

आमचं स्टॉक आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर आता डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या डब्यात, येतं. ज्यांच्याकडे इंटरनेट थेट आहे, त्यांनी हे पत्रक खुशाल बाजूला ठेवावं. ज्या कारखान्यांत इंटरनेटचा सगळा व्यवहार प्रॉक्सी सर्व्हर या मधल्या मशीनमधूनच होतो, तिथे आयटी सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. "ब्राउझर व्यवस्थित चालतोय, मग तुमचंच का अडतंय?" हा प्रश्न आम्हाला फोनवर पाठ झाला आहे.

ब्राउझर चालतो, कारण त्याला कुणीतरी कधीतरी प्रॉक्सीचा पत्ता दिलेला असतो. डॉकरला तो द्यावा लागतो, आणि तोही दोन ठिकाणी. कारण बाहेर जाणारे दोघं वेगवेगळे आहेत.

पहिला म्हणजे डॉकरचा डीमन, मागे गुपचूप चालणारी सेवा. इमेज, म्हणजे कंटेनर ज्यातून बनतो तो साचा, उतरवतो तो हाच. तुम्ही टर्मिनलमध्ये प्रॉक्सी एक्स्पोर्ट केली तरी त्याला ते कळत नाही. तो तुमच्या टर्मिनलमधून उठलेलाच नाही, लिनक्सवर त्याला सिस्टिमडीने, म्हणजे सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने, उठवलेलं असतं. डॉकर इंजिन 23 पासून डीमनच्या जेसन फाइलीतच प्रॉक्सी लिहिता येते. त्याआधीची आवृत्ती असेल तर सिस्टिमडीची जोडफाइल (ड्रॉप-इन) करा आणि सिस्टिमडीला ती पुन्हा वाचायला लावा. दोन्हीकडे डॉकर रीस्टार्ट करावं लागतं आणि तेव्हा चालू कंटेनर सहसा बंद पडतात. गेटवर गाड्या चलनासाठी उभ्या असताना हे काम काढू नका.

दुसरा म्हणजे कंटेनरच्या आतला प्रोग्रॅम. आमच्याकडे तो ई-इन्व्हॉइसचा आयआरएन (बिलाचा संदर्भ क्रमांक) आणायला जीएसटीच्या पोर्टलकडे जातो. त्याची प्रॉक्सी युजरच्या होम फोल्डरमधल्या डॉकरच्या कॉन्फिग फाइलीत लिहायची. इथे दोन गोष्टी नडतात. सुडो लावून कमांड दिलीत तर बहुतेक वेळा तुमची नाही, रूटची (ॲडमिन युजरची) फाइल वाचली जाते. आणि जुन्या कंटेनरला नवी सेटिंग लागत नाही: नुसता रीस्टार्ट करून भागत नाही, कंटेनर काढून नव्याने बनवावा लागतो. डेटा व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनरबाहेरच्या साठ्यात, आहे, तो जात नाही.

टाइप करायच्या ओळी मुद्दामच इथे छापल्या नाहीत. कागदावरून उतरवताना एक स्वल्पविराम राहिला की जेसन रुसते. तयार नमुने इन्स्टॉलेशनच्या फोल्डरमध्ये आहेत, त्यात फक्त पत्ता बदला. एचटीटीपीएसच्या रकान्यातला पत्ताही बहुधा साध्या एचटीटीपीनेच सुरू होतो. आमच्या हातून 'एस' राहिला असं समजून तो घालू नका.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी भानगड. बऱ्याच ठिकाणी त्याच मशीनवर एक छोटी प्रॉक्सी चालवलेली असते, पत्ता 127.0.0.1, पोर्ट 3128. कंटेनरच्या आत 127.0.0.1 म्हणजे तो कंटेनर स्वतः. आपल्याच दाराची बेल वाजवून शेजारी का येत नाही म्हणून थांबण्यातला हा प्रकार. डीमन मात्र मशीनवरच असल्यामुळे त्याला तोच पत्ता बरोबर चालतो. म्हणून इमेज झरकन उतरते, लॉगिन होतं, आणि पहिल्याच बिलाला आयआरएन येत नाही. कॉन्फिग फाइलीत डॉकरच्या ब्रिजचा (कंटेनर आणि मशीन जोडणाऱ्या आतल्या नेटवर्कचा) पत्ता द्या, बहुतेक लिनक्स मशीनवर तो 172.17.0.1 असतो. छोटी प्रॉक्सी त्या पत्त्यावरही ऐकतेय ना आणि फायरवॉल तिला अडवत नाही ना, हेही बघा.

प्रॉक्सीकडे न्यायचं नाही अशा नावांची यादी रिकामी ठेवू नका. आमचे दोन कंटेनर आपसात एचटीटीपीने बोलतात. त्यांची नावं यादीत नसतील तर रिपोर्टची मागणी ऑफिसच्या प्रॉक्सीकडे जाते, आणि तिला बिचारीला हे नाव ठाऊकच नसतं. 172.17.0.0/16 असा पत्त्यांचा पट्टा काही प्रोग्रॅमना कळतो, काहींना नाही. नावंच लिहा.

पासवर्डात चिन्हं असतील तर ती बदलून लिहावी लागतात: @ साठी %40, # साठी %23. सिस्टिमडीच्या फाइलीत % दोनदा. एका ग्राहकाकडे पासवर्डात # होता. त्यापुढचं सगळं तुटलं, युजरनेमच सर्व्हरचं नाव ठरलं आणि आमची एक अख्खी दुपार गेली. शिवाय हा पासवर्ड फाइलीत उघडा पडलेला असतो. कुणा साहेबांचं लॉगिन वापरण्याऐवजी या मशीनसाठी वेगळं खातं मागून घ्या, म्हणजे त्यांनी पासवर्ड बदलला की बिलिंग बंद पडणार नाही.

तुमची प्रॉक्सी एचटीटीपीएस उघडून तपासत असेल तर कंपनीचं रूट सर्टिफिकेट आधी आमच्याकडे पाठवा. ते मशीनवर आणि कंटेनरमध्ये, दोन्हीकडे लागतं. रिपोर्टचा भाग जावात आहे. जावा सर्टिफिकेटं स्वतःच्या पेटीत ठेवतं आणि प्रॉक्सीची ही सेटिंगही वाचत नाही, म्हणून त्याचं आम्ही वेगळं करून देतो.

तपासायला पिंग वापरू नका. एचटीटीपी प्रॉक्सीतून पिंग जातच नाही. कंटेनरच्या आत शिरून कर्ल (वेबचा पत्ता मागवून बघणारी कमांड) चालवा. 407 (प्रॉक्सी ओळख मागतेय) आला तर युजरनेम-पासवर्ड बघा. सर्टिफिकेटची तक्रार आली तर वरचा परिच्छेद. बराच वेळ काहीच न होता टाइमआउट आला, तर सेटिंग बहुधा आतपर्यंत पोचलेलीच नाही. तरीही अडलं तर स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, फक्त पासवर्ड झाकून.