पार्श्वभूमी : फ्रायबुर्गचं कुंड आणि त्याखालचे दगड

जर्मनीच्या नैऋत्येला, ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी फ्रायबुर्ग शहर आहे. तिथल्या नाट्यगृहासमोर, विद्यापीठाला लागून एक मोठा फरसबंद चौक आहे. चौकाचं नाव ‘जुन्या सिनेगॉगचा चौक’; सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. त्याच्या एका अंगाला काळ्या दगडाचं उथळ कुंड आहे आणि त्यात पाण्याचा पातळ थर असतो. वारा पडला की आसपासच्या इमारती त्यात स्वच्छ दिसतात. कुंडाची कड नीट पाहिली तर लक्षात येतं की हा साधा चौकोन नाही. नोव्हेंबर 1938मध्ये जाळलेल्या सिनेगॉगचा पाया जिथून जिथून गेला होता, तिथून ही कड फिरवली आहे. 2 ऑगस्ट 2017 रोजी चौक लोकांसाठी खुला झाला, पण या कुंडावरचा वाद त्याआधीच सुरू झाला होता.

फ्रायबुर्गमध्ये ज्यू मध्ययुगापासून राहत होते. जानेवारी 1349मध्ये, विहिरींत विष कालवल्याचा आळ घेऊन त्यांना जाळण्यात आलं. काही काळाने पुन्हा वस्ती झाली, पण 1424मध्ये उरलेल्यांनाही कायमचं हाकलून दिलं. पुढची चारेक शतकं शहरात ज्यू समाज नव्हताच म्हटलं तरी चालेल. फ्रायबुर्ग ज्यात होतं त्या बाडेन राज्याने 1862मध्ये ज्यूंना समान नागरी हक्क दिले, त्यानंतर कुटुंबं परतू लागली आणि 1870मध्ये सिनेगॉग उभं राहिलं. 1920च्या दशकात ते वाढवावं लागलं, इतकी माणसं झाली होती. नाझी सत्तेवर आले तेव्हा शहरातले ज्यू हजारांहून अधिक होते.

10 नोव्हेंबर 1938च्या पहाटे, देशभर ज्यूंवर हल्ले झाले त्या रात्री, नाझींनी हे सिनेगॉग जाळलं, ते वेगळं सांगायला नको. पण त्यानंतरचे दोन दिवस विसरले जातात. 12 नोव्हेंबरला सरकारने जर्मनीतल्या ज्यूंवरच एक अब्ज राइशमार्कचा दंड बसवला, विम्याची भरपाई सरकारजमा केली आणि मोडतोड झालेली दुकानं-घरं स्वखर्चाने दुरुस्त करायला लावली. मग 22 ऑक्टोबर 1940 रोजी, सुक्कोथच्या सणात, बाडेन आणि शेजारच्या भागातल्या साडेसहा हजारांवर ज्यूंना घराबाहेर काढून आगगाड्यांत बसवलं. जवळ फार तर 50 किलो सामान आणि 100 राइशमार्क. गाड्या फ्रान्समध्ये, पिरेनीजच्या पायथ्याच्या गुर्स छावणीत गेल्या. तिथे भूक, थंडी आणि रोगराईने अनेक जण गेले. जे तगले त्यांतल्या बहुतेकांना 1942पासून पूर्वेकडे, ऑश्विट्झच्या मृत्युछावणीत नेण्यात आलं. चौकात आज रस्त्यावरच्या नेहमीच्या दिशादर्शक फलकासारखा एक फलक उभा आहे. त्यावर गावाचं नाव आहे गुर्स आणि अंतर आहे हजारावर किलोमीटर.

युद्धानंतर जळालेल्या सिनेगॉगच्या जागेवर हिरवळ होती. विद्यार्थी तिथे बसत. 1960च्या दशकात एक धातूची पाटी बसवली. हिंसेच्या आणि अन्यायाच्या राजवटीत इथल्या सिनेगॉगचा विध्वंस झाला, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. विध्वंस ‘झाला’; तो करणारे मात्र मजकुरात कुठेच नव्हते. चौक वाहनमुक्त करून नव्याने बांधायचं ठरलं, तेव्हा पाटीच्या जागी काहीतरी ठळक हवं, यावर सर्वांचं एकमत होतं. जुन्या पायाच्या आकाराचं कुंड ही कल्पना त्यातून आली आणि ज्यू समाजाचाही तिला सुरुवातीला विरोध नव्हता.

2016च्या शरदात खोदकाम करताना खऱ्याखुऱ्या पायाच्या भिंती हाती लागल्या. आतापर्यंत सगळी चर्चा चालली होती ती नष्ट झालेल्या इमारतीच्या आकाराबद्दल. आता इमारतच, निदान तिचा तळ, डोळ्यांसमोर होता. ज्यू समाजाने काम थांबवण्याची विनंती केली : दगड जिथे आहेत तिथेच राहू द्या, ते दिसू द्या. प्रशासनाचं म्हणणं असं की अवशेष मोडकळीला आलेले आहेत, उघडे ठेवले तर टिकणार नाहीत आणि कुंड नेमकं त्याच जागी यायचं आहे. अखेर पायाचा काही भाग काढण्यात आला. काढलेल्या दगडांपैकी काही पुढच्या उपयोगासाठी जपून ठेवले. प्रशासनाची तांत्रिक अडचण खोटी नव्हती. तरीही, खरा दगड उचलून त्या जागी त्याच आकाराचा नवा दगड बसवायचा आणि त्याला स्मृती म्हणायचं, हे ज्यांचे आजी-आजोबा त्या इमारतीत प्रार्थनेला बसले होते त्यांना का सहन झालं नाही, हे समजायला स्थापत्यशास्त्र लागत नाही. आराखडा थोडा सरकवता आला असता, असं माझं मत आहे.

या वादात एक शब्द सतत आडवा येतो. मराठीत आपण सगळ्यालाच ‘स्मारक’ म्हणतो. जर्मनमध्ये दोन शब्द आहेत : ‘डेंकमाल’ म्हणजे आठवण ठेवण्याची खूण, आणि ‘मानमाल’ म्हणजे बजावून सांगणारी खूण. फ्रायबुर्गच्या कुंडाला मात्र ‘गेडेंकब्रुनेन’ असं नाव मिळालं. ‘ब्रुनेन’ म्हणजे कारंजं. पण विहिरीलाही जर्मनमध्ये ‘ब्रुनेन’च म्हणतात. 1349मध्ये ज्या आळावरून इथले ज्यू जाळले, त्याला जर्मनमधला शब्द आहे ‘ब्रुनेनफरगिफ्टुंग’, म्हणजे विहिरीत विष कालवणं. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हे नसणार. पण ज्या समाजाच्या आठवणीसाठी हे बांधलं, त्याला तो शब्द सातशे वर्षांमागचा वाटत नाही.

शिवाय कारंजं म्हटलं की लोक कारंज्याशी वागतात तसंच वागतात. 2017चा ऑगस्ट गरम होता. चौक खुला होताच मुलं कुंडात उतरली, मोठ्यांनी काठावर बसून पाय बुडवले, कुत्री पाणी प्यायली. काहींना हा उघड अनादर वाटला. ज्यू समाजातच दुसरंही मत होतं : मुलं खेळताहेत, म्हणजे त्या जागी जीव परत आला. प्रशासनाने फलक लावून संयमाची विनंती केली. खरं तर पाणी पाहिल्यावर तिथे काय होतं हे कळण्याची सोयच सुरुवातीला पुरेशी नव्हती. माहिती पोहोचण्याआधी उन्हाळा पोहोचला.

शहरातला आजचा ज्यू समाज मुख्यतः 1990नंतर पूर्वीच्या सोव्हिएत संघातून आलेल्या कुटुंबांचा आहे. त्यांचं सिनेगॉग 1987मध्ये कॅथीड्रलजवळ बांधलेलं आहे. मार्च 2025मध्ये चौकाजवळच, रोटेकरिंग या रस्त्यावर, नाझी काळाच्या इतिहासाचं दस्तऐवज केंद्र सुरू झालं. जुन्या सिनेगॉगची ओकची दारं आगीतून वाचली होती. ती 1987च्या इमारतीत बसवली आहेत.