सीमेवर तणाव असला की वर्गात चर्चा करणं गुन्हा?

मराठवाड्यातल्या कॉलेजांत हे वर्षानुवर्षं ऐकायला मिळतं. एका कॉलेजच्या सूचनाफलकावर ‘भारत-चीन सीमाप्रश्न’ हा व्याख्यानाचा विषय निळ्या पेनाने खोडलेला मी पाहिला. बाजूला दोनच शब्द : ‘वातावरण पाहता’.

अशी चर्चा गुन्हा ठरवणारा कायदा नाही. हिंसेची किंवा अशांततेची चिथावणी नसेल तर सरकारवरची कडक टीकाही राजद्रोह ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच केदारनाथ सिंह खटल्यात सांगितलं. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा गोपनीय माहितीसाठी आहे. संसदेत मांडलेला अहवाल वर्गात वाचण्याशी त्याचा संबंध नाही. युद्ध किंवा परकीय आक्रमणामुळे आणीबाणी घोषित झाली, तरच राज्यघटनेच्या कलम ३५८ मुळे कलम १९ चं, म्हणजे भाषणस्वातंत्र्याचं, संरक्षण थांबू शकतं. नुसता तणाव म्हणजे आणीबाणी नव्हे.

मग ही भीती आली कुठून? एक कारण अलीकडचं. जानेवारी २०२१ मध्ये केंद्राने सरकारी विद्यापीठांना सुरक्षा, सीमा अशा विषयांवरच्या ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषदांसाठी पूर्वपरवानगी घ्यायला सांगितलं. फेब्रुवारीतच ते मागे घेतलं गेलं. आदेश सगळ्यांच्या लक्षात राहिला, माघार नाही.

आपल्याला तर हे आधी कळायला हवं होतं. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून निजामाच्या उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकलं. तेव्हाही गप्प बसवणं हाच मार्ग निवडला गेला. त्यातल्या अनेकांना प्रवेश दिला तो नागपूर विद्यापीठाने.