वीरगीत आणि युद्धात लिहिलेली कविता: दोन्ही एकाच पोत्यात कशाला भरायच्या?

२६ जुलै, म्हंजे कारगिल विजय दिवस, जवळ आला की आपल्या कोल्हापुरात कॉलेजच्या स्टेजवर, तालमीच्या बोर्डवर, प्रत्येकाच्या स्टेटसवर युद्धकविता सुरू होतात आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या असतात वीरगीतं. वीरगीत वाईट असतं असं अजिबात म्हणायचं नाहीये, शाहिरांच्या गावात राहून तसं म्हणायची टाप कुणाची आहे. पण युद्धावर लिहिलेलं गाणं आणि युद्ध चालू असताना त्यात सापडलेल्या माणसानं लिहिलेली कविता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कवितेच्या स्पर्धेत परीक्षकसुद्धा त्या सर्रास मिसळतात.

आपल्या जिल्ह्यातलंच बघा. नेसरीची खिंड, गडहिंग्लज तालुका, २४ फेब्रुवारी १६७४, प्रतापराव गुजर मोजक्या सोबत्यांना घेऊन बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि तिथंच पडले. 'वेडात मराठे वीर दौडले सात' आपण सगळे म्हणतो, अंगावर काटा येतो, पण ते कुसुमाग्रजांनी लिहिलं अडीचशेपेक्षा जास्त वर्षांनी. लिहिणाऱ्याला शेवट आधीच माहीत आहे. वीरगीताची माझ्या मते पहिली खूण हीच, शेवट ठाऊक असतो आणि सगळं गाणं त्या शेवटाकडं धावत असतं.

आता कुणी म्हणेल, मग त्याच काळात लिहिलं की झाली युद्धातली कविता. तसं पण नाही भावा. अज्ञानदासाचा अफजलखान वधाचा पोवाडा शिवकाळातलाच, घटना १६५९ ची, पण तो दरबारात गायला गेला आणि शाहिराला घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला असं सांगतात. समोर ऐकणारे बसलेत, त्यांना स्फुरण चढवायचंय, डफाच्या थापेवर जी जी र जी करत प्रसंग उभा करायचाय. अण्णा भाऊ साठ्यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा तर दुसरं महायुद्ध चालू असतानाचाच, पण कवी इकडं आणि लढाई तिकडं रशियात. तो मी वीरगीतातच धरतो, आणि जबरदस्त वीरगीत आहे ते.

बरं, वर्दी घातली म्हणून कविता आपोआप दुसऱ्या खात्यात जाते असंही नाही, लोक हमखास फसतात ते इथंच. रूपर्ट ब्रुक ब्रिटिश नौदलाच्या तुकडीत अधिकारी होता, पहिलं महायुद्ध सुरू झालं त्या १९१४ मध्ये त्यानं देशासाठी मरणं किती सुंदर अशा थाटाची सुनीतं लिहिली, आणि एप्रिल १९१५ मध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईला जाताना वाटेवर जंतुसंसर्गानं गेला, खंदकातला महिनोन्‌महिन्यांचा चिखल त्यानं पाहिलाच नाही. त्याच युद्धातल्या विल्फ्रेड ओवेन या ब्रिटिश फौजी कवीनं पाहिला. विषारी वायूचा हल्ला, मास्क लावायला उशीर झालेला एक सोबती, त्याची ती फेसाळती छाती, हे त्यानं जसंच्या तसं लिहिलं. त्या कवितेच्या एका मसुद्यावर जेसी पोपचं नाव होतं, म्हंजे घरी बसून पेपरात भरतीची गाणी लिहिणाऱ्या बाईंचं. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ ला मारला गेला, युद्ध थांबायला एकच आठवडा राहिला होता. पुढं त्याच्या आईनं रवींद्रनाथ टागोरांना पत्र लिहून कळवलं की पोरानं निरोप घेताना तुमच्याच ओळी म्हटल्या होत्या आणि त्याच्या वहीत त्या तुमच्या नावासकट सापडल्या.

मग आपल्या पोरांनी काय लिहिलं? पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हंजे आजच्या इराकात होत्या, कुतच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ उपाशी अडकल्या. पण साध्या शिपायाला बहुतेक लिहिता येत नव्हतं, दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यायचं आणि ते सेन्सॉर वाचणार. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांनी तर पत्रात आपल्या लोकांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरची म्हणून खबर पोचवली. असं लिहायची सवय लागलेल्या माणसाची कविता सरळ आरोळी ठोकणार कशी, ती आडूनच बोलणार, पावसाबद्दल, बैलाबद्दल, आईच्या गुडघेदुखीबद्दल. मराठा लाइट इन्फंट्रीच्या युद्धघोषात आपली कोल्हापूरची टेंबलाई देवी आहे, 'तेमलाई माता की जय', ती चढाई करताना. रात्री पहाऱ्यावर तोच जवान मनात जे जुळवतो त्यात जयजयकार नसतो.

आणि सिव्हिलियन लोकांची कविता तर स्पर्धेत कुणी धरतच नाही, ती मला सगळ्यात जवळची वाटते. दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या लेनिनग्राडला पडलेला वेढा ८७२ दिवसांचा, तिथली कवयित्री ओल्गा बेरगोल्त्स रेडिओवर कविता वाचायची आणि ऐकणारे जेवढे भुकेले तेवढीच ती पण भुकेली, उद्या भाकरी मिळणार का हे दोघांनाही माहीत नाही. वळिवड्याचा पोलिश निर्वासितांचा कॅम्प तर आपल्या दारातला, १९४३ ते १९४८, जवळपास पाच हजार लोक, जास्त करून बायका आणि पोरं, सैबेरियातून हाल काढत आलेली. त्यातल्या कितीतरी जणींचे नवरे, भाऊ, मुलगे पोलिश फौजेतून इटलीत लढत होते, आणि त्याच इटलीत १९४४ मध्ये मराठा पलटणी पण होत्या, यशवंत घाडग्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथलाच. म्हंजे वळिवड्यातली बाई आणि फौजी जवानांचं गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या सैनिक टाकळीतली बाई एकाच देशातून येणाऱ्या पत्राची वाट बघत होत्या, दोघींना एकमेकींची भाषा कळत नसली तरी. जात्यावर बसलेल्या बाईला विचारा, तिच्या ओवीत भाऊ कधी येतोय हेच आधी येणार, त्यानं किती शत्रू मारले हे नंतर, आलं तर.

तेव्हा स्पर्धेला कविता निवडताना दोनच प्रश्न विचारा. बोलणाऱ्याला शेवट माहीत आहे का? आणि तो बोलतोय कुणाशी, मैदानातल्या गर्दीशी की घरातल्या एका माणसाशी? कवीच्या नावावरून ठरवायला जाऊ नका, कारण जपानच्या योसानो अकिकोनं १९०४ मध्ये रशिया-जपान युद्धातल्या पोर्ट आर्थरच्या लढाईत असलेल्या धाकट्या भावाला उद्देशून 'तू मरू नकोस' अशी कविता लिहिली, देशद्रोही म्हणून शिव्या खाल्ल्या, आणि त्याच बाईनं १९४२ मध्ये नौदलात गेलेल्या स्वतःच्या मुलाला शूरपणे लढ म्हणून सांगणारी कविता पण लिहिली.