पंच्याऐंशीची लेन्स आणि दीड मीटर

पोर्ट्रेटसाठी कोणती लेन्स घेऊ, असं कुठल्याही फोटोग्राफरला विचारा, ‘85 एमएम’ हे उत्तर ठरलेलं (हा आकडा लेन्सच्या फोकल लेंथचा: तो जितका मोठा, तितकं दृश्य जवळ ओढलं जातं). कारण विचारलं तर म्हणतात, वाइड लेन्स, म्हणजे लहान आकड्याची, जास्त रुंद दृश्य टिपणारी लेन्स, नाक मोठं करते. सल्ला चोख आहे, कारणात मात्र गफलत आहे. नाक मोठं दिसतं ते कॅमेरा आणि चेहरा यांच्यातल्या अंतरामुळे.

हिशेब शाळकरी आहे. नाकाचं टोक कानांच्या साधारण 12 सेंटिमीटर पुढे असतं असं धरू. मोबाइल नाकापासून 30 सेंटिमीटरवर असेल, तर कान 42 वर. वस्तू जितकी लांब तितकी ती फोटोत लहान उमटते, म्हणून 42 भागिले 30: कानांच्या मानाने नाक 40 टक्के मोठं. दीड मीटरवरून तेच गणित 162 भागिले 150, म्हणजे फरक उरतो 8 टक्के. तीन मीटरवर 4 टक्के. सगळी उलथापालथ पहिल्या दीड मीटरमध्येच होते, त्यापुढे चेहरा फारसा बदलत नाही.

पटत नसेल तर दोन मीटरवर उभं राहून एक फोटो साधा आणि दुसरा, जागचं न हलता, झूम करून घ्या. पहिल्यातला चेहरा कापून मोठा करा. बारकावे कमी दिसतील, पण नाक-कानांचं प्रमाण तेच राहील.

2018 साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचे सर्जन बोरिस पास्कोव्हर आणि सहकाऱ्यांनी गणिती प्रतिरूप वापरून दाखवलं, की 12 इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. सेल्फी दाखवून नाक लहान करून मागणारे लोक डॉक्टरांकडे येत होते, त्यातून हा खटाटोप. त्याआधी 2012 मध्ये अमेरिकेतल्याच कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं होतं, की 45 सेंटिमीटरवरून टिपलेले चेहरे लोकांना 135 सेंटिमीटरवरून टिपलेल्या त्याच चेहऱ्यांपेक्षा कमी विश्वासू वाटतात. स्थळाला पाठवायचा फोटो हात लांब करून काढू नये, एवढा बोध यातून नक्की घ्यावा!

मग लेन्सचं काम काय? ठरवलेल्या अंतरावरून चौकटीत किती मावेल, हे ती ठरवते. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या 35 एमएम फिल्मएवढा सेन्सर (प्रतिमा टिपणारी चिप) असलेला कॅमेरा उभा धरला की सेन्सरची उंची 36 मिलिमीटर. डोकं आणि खांदे मिळून 60 सेंटिमीटरची चौकट हवी असेल, तर 85 च्या लेन्सला सुमारे 1.4 मीटर मागे जावं लागतं, 50 ला 83 सेंटिमीटर, आणि 24 च्या लेन्सला तर 40 सेंटिमीटरवर यावं लागतं, अगदी तोंडाशी. 85 नावाजली ती यामुळे: तिने चौकट भरायची तर फोटोग्राफरला आपोआप योग्य अंतरावर उभं राहावं लागतं. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, हेच काम 50 ते 56 ची लेन्स करते.

अख्खा माणूस घ्यायचा तर गणित फिरतं. दोन मीटरच्या चौकटीसाठी 85 ला पावणेपाच मीटर लागतात. दहा बाय बाराच्या खोलीत पाठ भिंतीला टेकते. तिथे 35 लावा, दोन मीटरवरून काम होतं आणि चेहऱ्याला काही होत नाही. फक्त कॅमेरा कमरेच्या उंचीला आणा, नाहीतर पाय आखूड दिसतात. आणि ग्रुप फोटोला फार वाइड लेन्स लावली, तर कडेला उभ्या आत्या-मावश्या विनाकारण रुंद होतात. चौकटीच्या कडेला प्रतिमा ताणली जाते, आणि हा दोष मात्र खरोखर वाइडपणाचाच.

धूसर बॅकग्राउंडचा मोह वेगळा. लेन्सचं छिद्र किती उघडं आहे ते एफ-आकडा सांगतो: आकडा लहान तितकं छिद्र मोठं आणि धूसरता जास्त. 1.4 मीटरवरून 85 एमएमला एफ 1.8 ठेवलं, तर पुढे-मागे मिळून जेमतेम तीन सेंटिमीटरचा पट्टाच रेखीव राहतो. मान जराशी वळली की एक डोळा स्पष्ट, दुसरा पुसट. माझ्या मते एफ 4 पुरे, फोकस मात्र जवळच्या डोळ्यावर हवा.

मोबाइलमधला पोर्ट्रेट मोड ही धूसरता सॉफ्टवेअरने आणतो. नाकाचं प्रमाण सुधारणं त्याच्या कामात बसत नाही. म्हणून आधी दीड-दोन मीटर मागे जा, मग 2एक्स किंवा 3एक्स दाबा.