काउबॉय: ओपन रेंजवरचं रोजचं जगणं आणि काम

काउबॉय म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागात घोड्यावर बसून दुसऱ्याच्या मालकीची गुरं सांभाळणारा पगारी गडी. मराठीत सरळ 'गुराखी' म्हणता येईल, पण गुराखी म्हटलं की आपल्याला हातात काठी घेऊन पायी चालणारा पोरगा दिसतो आणि काउबॉय म्हटलं की पिक्चरमधला पिस्तुलवाला दिसतो, आणि खरा माणूस या दोन्हींच्या मध्ये राहून जातो. ही नोंद त्या खऱ्या माणसाची आहे, आणि तो जिथे काम करायचा त्या ओपन रेंजची, म्हणजे कुंपण नसलेल्या मोकळ्या चराऊ रानाची. काळ साधारण १८६६ ते १८९० चा, आणि मुलूख टेक्सासपासून वर कॅन्सस, वायोमिंग, डकोटा, मोंटानापर्यंतचा. या माणसाच्या आयुष्यात बंदुकीपेक्षा झोपेचा, पगाराचा आणि थंडीत काम मिळेल का याचा प्रश्न कितीतरी मोठा होता.

हे काम निघालं कुठून

१८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्सासमध्ये लाँगहॉर्न जातीची लाखो गुरं रानात मोकाट वाढलेली होती, कारण चार वर्षं त्यांच्याकडे बघायलाच कोणी नव्हतं. तिथे एका जनावराला ३-४ डॉलर मिळायचे आणि उत्तरेतल्या शहरांत त्याच जनावराचे ३०-४० डॉलर यायचे, पण टेक्सासहून उत्तरेला जाणारी रेल्वेच नव्हती, मग गुरं चालवत न्यायची हाच एक मार्ग उरला. १८६७ मध्ये जोसेफ मकॉय नावाच्या व्यापाऱ्याने कॅन्ससमधल्या ॲबिलीन या छोट्याशा गावात रेल्वेलगत गुरांसाठी मोठे कोंडवाडे बांधले आणि त्या पहिल्याच वर्षी तिथून सुमारे ३५,००० गुरं गाडीत चढली. टेक्सासवरून तिकडे जाणारी वाट चिझम ट्रेल म्हणून प्रसिद्ध झाली. पुढे रेल्वे जशी सरकत गेली तशी एल्सवर्थ, विचिटा, डॉज सिटी अशी गावं एकामागून एक गाजली.

कामाची पद्धत मात्र अमेरिकनांनी शोधलेली नाही, ती मेक्सिकन वाकेरोंकडून, म्हणजे तिकडच्या घोडेस्वार गुराख्यांकडून आली. त्यांचे पूर्वज दोन-अडीचशे वर्षं हेच करत होते. लॅसो, लॅरिएट, रोडिओ, मस्टँग हे सगळे शब्द मुळात स्पॅनिश आहेत, पायाला काटे लागू नयेत म्हणून पँटवर घालायचे चामड्याचे चॅप्स पण तिकडचेच, आणि वाकेरो या शब्दाचाच इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी बकारू झाला.

ट्रेलवरचा दिवस

एका फेरीत साधारण अडीच ते तीन हजार गुरं आणि त्यांच्यासोबत १०-१२ काउबॉय, एक ट्रेल बॉस, एक स्वयंपाकी आणि जादा घोडे सांभाळणारा एक पोरगा, बहुतेक वेळा टीममधला सगळ्यात लहान. कळप एखादा मैल किंवा त्याहून जास्त लांब पसरलेला असायचा. सगळ्यात पुढे दोन अनुभवी माणसं दिशा धरायला, त्यांच्या मागे दोन्ही बाजूंना बाकीचे, आणि सगळ्यात शेवटी रेंगाळणाऱ्या, लंगड्या, थकलेल्या गुरांना हाकणारे. ही शेवटची जागा नवख्यांची. हजारो खुरांनी उडवलेली सगळी धूळ दिवसभर त्यांच्याच नाकातोंडात जायची, गळ्यातला रुमाल तोंडावर ओढून घ्यायचा तो यासाठी, स्टाइल म्हणून नाही.

दिवसाला १०-१५ मैलच जायचं. जोरात हाकलं तर गुरं वाळतात आणि वाळलेल्या जनावराला भाव मिळत नाही, म्हणून चरत चरतच न्यायचं. अशाने पूर्ण प्रवासाला दोन-तीन महिने लागायचे, आणि या दोन-तीन महिन्यांत रविवार नाही की सुट्टी नाही, कारण गुरं रोज चरणार, रोज पाणी पिणार आणि रोज रात्री कोणीतरी त्यांच्याभोवती जागं राहणार.

पहाट व्हायच्या आत स्वयंपाकी उठून चूल पेटवायचा, मग बाकीचे उठायचे, कॉफी आणि जे असेल ते पोटात ढकलायचं, घोड्यावर खोगीर टाकायचं आणि निघायचं. प्रत्येकाला सहा-आठ किंवा जास्त घोडे दिलेले असायचे, कारण या कामात एक घोडा दिवसभर टिकत नाही, दिवसातून दोनतीनदा बदलावा लागतो. गंमत अशी की घोडे मालकाचे आणि खोगीर मात्र काउबॉयचं स्वतःचं. चांगल्या खोगिराला महिन्याचा पूर्ण पगार किंवा त्याहून जास्त जायचा, पण तेच त्याचं ऑफिस, तीच खुर्ची आणि रात्री तीच उशी, म्हणून पैसे संपले तर माणूस बाकी सगळं विकायचा पण खोगीर विकायचा नाही. बुटाची उंच टाच पण कामाचीच, पाय रिकिबीतून आरपार जाऊ नये म्हणून. पाय अडकून घोड्यामागे फरफटत जाणं हे या लोकांच्या मरणाचं अगदी नेहमीचं कारण होतं.

रात्र आणि झोप

माझ्या मते या सगळ्या जगण्यातला सगळ्यात कठीण भाग हाच, आणि पिक्चरमध्ये तो जवळजवळ दिसतच नाही.

संध्याकाळी कळप एका जागी बसवायचा, मग पाळ्या लावायच्या. एका वेळी दोघेजण, साधारण दोन-दोन तास, कळपाभोवती उलटसुलट दिशेने संथपणे घोडा फिरवत राहायचं आणि फिरताना हळू आवाजात गायचं. हे गाणं करमणुकीसाठी नव्हतं, गुरांना अंधारात अचानक हालचाल दिसली की ती बिथरतात, आवाज सतत येत राहिला तर त्यांना माहीत असतं की जवळ येणारा ओळखीचाच आहे. भजन, प्रेमगीत, शब्द विसरलेली लावणीसारखी काहीतरी चाल, जे येईल ते. घड्याळ बहुतेकांकडे नसायचं, सप्तर्षी ध्रुवाभोवती किती फिरले ते बघून पुढच्याला उठवायचं. स्वयंपाकी तर रात्री गाडीची दांडी ध्रुवताऱ्याकडे करून ठेवायचा, म्हणजे सकाळी ढग असले तरी उत्तर कुठे ते कळतं.

दिवसाचे चौदा-सोळा तास घोड्यावर आणि त्यात मध्यरात्री दोन तासांची पाळी, म्हणजे सलग झोप चार-पाच तासांच्या वर क्वचितच, आणि वादळी रात्र असेल तर तेवढीही नाही कारण तेव्हा सगळ्यांनाच घोड्यावर बसावं लागायचं. झोप उडावी म्हणून डोळ्यांना तंबाखूचं पाणी चोळायचे असं जुन्या काउबॉयांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. हे वाचलं की ते काय काम असेल ते समजतं.

आणि मग स्टँपीड. वीज कडाडली, काडी मोडली, घोड्याने अंग झटकलं, कशानेही तीन हजार गुरं एका क्षणात उठून पळत सुटायची, अंधारात, पावसात, आणि पोरांनी त्यांच्या बाजूने घोडा दामटून पुढच्या गुरांना एका बाजूला वळवत न्यायचं, शेवटी कळप स्वतःभोवतीच गोल फिरायला लागून दमून थांबेपर्यंत. खाली जमीन कशी आहे ते दिसत नाही, प्रेअरी डॉग या खारीसारख्या प्राण्याची बिळं असतात, घोड्याचा पाय त्यात गेला की स्वार खाली आणि मागून कळप. वीज पडून मेलेलेही बरेच, कारण सपाट माळावर घोड्यावर बसलेला माणूसच सगळ्यात उंच. नद्यांचंही तसंच. रेड रिव्हरला पूर आलेला असला तरी थांबून किती दिवस थांबणार, पुढचा कळप मागून येतच असतो, म्हणून घोडा पाण्यात घालायचा, आणि यातल्या कित्येकांना पोहायलाच येत नव्हतं. गेलेल्याला तिथेच काठावर पुरायचं, निशाण म्हणून काही ठेवता आलं तर ठेवायचं आणि कळप पुढे न्यायचा.

डॉक्टर शेकडो मैलांत नसायचा, हाड मोडलं तर स्वयंपाकी बसवणार. दोर टाकून जनावर धरताना दोराचे वेढे खोगिराच्या पुढच्या शिंगाला पटकन मारावे लागतात, त्यात अंगठा सापडला की गेला, म्हणून अंगठा नसलेले जुने काउबॉय दिसणं नवलाचं नव्हतं.

चकवॅगन आणि जेवण

१८६६ मध्ये चार्ल्स गुडनाइट या रँचवाल्याने (रँच म्हणजे गुरं पाळायचा मोठा मळा) सैन्याच्या जुन्या गाडीला मागे कप्प्यांचं कपाट आणि खाली पाडायची फळी बसवून घेतली, तीच चकवॅगन, म्हणजे चालतंफिरतं स्वयंपाकघर. जेवण रोज तेच ते, शिजवलेल्या बीन्स, खारवलेलं डुकराचं मांस, आंबवलेल्या पिठाची बिस्किटं, सुकवलेली फळं आणि काळी कडक कॉफी. आजूबाजूला तीन हजार गुरं असताना रोज मांस मिळत असेल असं वाटतं पण ती विकायची गुरं होती. झाड नसलेल्या माळावर गोवऱ्याच जाळायच्या, बायसनच्या किंवा गुरांच्या वाळलेल्या शेणाच्या, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नकोच.

स्वयंपाकी साधारण वयाने मोठा, पगारही काउबॉयपेक्षा जास्त, आणि बॉसच्या खालोखाल त्याचाच शब्द. चांगला स्वयंपाकी असेल तर माणसं त्या टोळीत टिकायची.

पैसे

महिन्याला २५ ते ४० डॉलर आणि जेवण. ट्रेल बॉसला शंभरच्या आसपास. पैसे हातात यायचे फेरी संपल्यावर, म्हणजे तीन महिन्यांचे एकदम, आणि तेही अशा गावात जिथे आंघोळ, केस कापणं, नवे कपडे, दारू, जुगार, सगळं याच पोरांच्या खिशावर चालायचं. वय विशीच्या आसपास. बरेचजण दोन-चार दिवसांत कफल्लक होऊन परत दक्षिणेला जायचे. त्यासाठी त्यांना उधळे म्हणणं सोपं आहे, पण तीन महिने रात्र-रात्र जागलेल्या वीस वर्षांच्या पोराने दुसरं काय केलं असतं असं मला तरी वाटतं.

या गावांमध्ये शस्त्र घेऊन फिरायला बंदी असायची. रेंजवर पिस्तूल असायचं पण ते जड आणि कामात अडचणीचं, बरेचजण ते गाडीतल्या गुंडाळीतच ठेवायचे.

खरी अडचण हिवाळ्याची. शरदातला राउंडअप संपला, म्हणजे मोकळ्या रानात एकमेकांत मिसळलेली गुरं अंगावरच्या डागावरून, म्हणजे मालकाच्या खुणेवरून, वेगळी केली, राहिलेल्या वासरांना डाग दिले, खोंड खच्ची केले, विकायची काढली, की रँचला थोडीच माणसं लागायची. बाकीच्यांना रजा. मग हे लोक घोड्यावरून एका रँचवरून दुसऱ्या रँचवर जायचे, दोन-चार दिवस पडेल ते काम करून जेवायचे आणि पुढे. ज्यांना ठेवलं जायचं त्यांच्यातले काही हद्दीवरच्या लाइन कँपमध्ये, एकटे किंवा दोघे, जमिनीत खणलेल्या खोपटात, रोज बर्फात फिरून गुरं हद्दीबाहेर जात नाहीत ना बघायचं आणि गोठलेल्या पाण्यावरचा बर्फ कुऱ्हाडीने फोडायचा. वाचायला काही नाही म्हणून डब्यांवरची लेबलं पाठ करायचे.

कोण होते हे लोक

पिक्चरने सगळे गोरे दाखवले. प्रत्यक्षात अभ्यासकांचा अंदाज असा की टेक्सासमधून निघणाऱ्या माणसांपैकी साधारण चौथा हिस्सा काळे होते, कित्येक जन्माने गुलाम, आणि मेक्सिकनही भरपूर. बोस इकार्ड हा त्यातला एक, मिसिसिपीत गुलाम म्हणून जन्मलेला, गुडनाइटबरोबर ट्रेलवर चार वर्षं होता आणि गुडनाइट प्रवासात पैसे त्याच्याकडे ठेवायचा इतका विश्वास. १९२९ मध्ये इकार्ड वारला तेव्हा नव्वदी पार केलेल्या गुडनाइटने त्याच्या कबरीवर दगड लावला. पण असा मान मिळूनही काळ्या माणसाला ट्रेल बॉस करणं दुर्मिळच होतं, घोडा कितीही चांगला चालवत असला तरी.

१८८३ चा संप आणि त्यानंतर

१८८० च्या सुमाराला पूर्वेकडचं आणि ब्रिटनमधलं भांडवल आलं आणि रँच कंपन्या झाल्या. आधी काउबॉयला थोडी स्वतःची गुरं स्वतःच्या डागाखाली ठेवता यायची, हाच त्याचा वर चढायचा रस्ता होता, तो नव्या मालकांनी बऱ्याच ठिकाणी बंद केला. १८८३ च्या वसंतात, राउंडअपच्या तोंडावर, टेक्सास पॅनहँडलमधल्या, म्हणजे टेक्सासच्या अगदी उत्तरेकडच्या भागातल्या, २४ काउबॉयांनी लेखी मागणी केली की महिन्याला किमान ५० डॉलर द्या नाहीतर काम बंद. आणखीही बरेच सामील झाले. मालकांनी काहींना काढलं, बाहेर बेकार माणसं भरपूर होती त्यातली भरली, संपवाल्यांचे पैसे संपले आणि संप मोडला. काउबॉय हा कामगार होता हे यापेक्षा स्पष्ट कशाने दिसणार, तरी ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे.

लांबच्या फेऱ्याही संपत आल्या होत्या. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडनला काटेरी तारेचं पेटंट मिळालं आणि मोकळं रान तुकड्यातुकड्याने कुंपणात गेलं. टेक्सासच्या गुरांबरोबर येणाऱ्या गोचिडांमुळे उत्तरेतली गुरं मरायची, म्हणून १८८५ मध्ये कॅन्ससने टेक्सासच्या गुरांना राज्याचे दरवाजे बंद केले. मग १८८६ चा कोरडा उन्हाळा, आधीच जास्त चरून संपलेलं गवत, आणि त्यावर १८८६-८७ चा हिवाळा. मोंटाना, डकोटा, वायोमिंगमध्ये गुरं लाखोंनी मेली. थिओडोर रूझवेल्ट पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, त्याचाही अर्ध्याहून जास्त कळप गेला. मोंटानात चार्ल्स रसेल नावाचा काउबॉय एका कळपावर होता, मालकाने गुरं कशी आहेत असं विचारलं तेव्हा उत्तर म्हणून त्याने काढलेलं एक छोटं चित्र गेलं, बर्फात उभं असलेलं हाडांचा सापळा झालेलं जनावर आणि भोवती टपलेले लांडगे. तो पुढे मोठा चित्रकार झाला.

त्या वसंतात काउबॉयांचं काम होतं ओढ्याओघळींत कुजलेल्या जनावरांची कातडी सोलायची. त्यानंतर जे मालक टिकले त्यांनी कळप लहान केले, कुंपणं घातली आणि हिवाळ्यासाठी चारा साठवायला लागले, आणि आयुष्यभर घोड्यावरून खाली न उतरणारी माणसं कुंपणाचे खांब पुरायला आणि गवत कापायला जमिनीवर आली. बऱ्याचजणांना ते मान्य नव्हतं, त्यांनी काम सोडलं. बाकीच्यांनी पक्कड आणि तार खोगिराला बांधली आणि कुंपणाच्या कडेकडेने फिरायला सुरुवात केली.