मुंडा : कोरकूंचा सागवानी पितृखांब

मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडच्या कोरकू आदिवासींच्या गावांत सागाचे कोरीव खांब उभे दिसतात. बाहेरचा माणूस त्यांना थडगं समजतो. पण प्रेत पुरलेलं असतं वेगळीकडे. मुंडा रोवला जातो नंतर, सिडोली किंवा फुलजगनी म्हणतात त्या विधीत. हा विधी होईस्तोवर मेलेला माणूस पितरांत मिसळत नाही, अशी समजूत आहे. बकरा, जेवणावळ, पाहुणे असा खर्च असल्यानं तो वर्षानुवर्षं लांबतो.

रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात या खांबाचं वर्णन सापडतं. वर सूर्य आणि चंद्र, त्याखाली कोळी हा किडा आणि माणसाचा कान, आणि त्याखाली घोड्यावर बसलेला, हाती शस्त्र घेतलेला मृत माणूस. हा घोडा विचार करायला लावतो. कोरकूंच्या उत्पत्तिकथेत महादेव वारुळाच्या लाल मातीच्या दोन बाहुल्या घडवतो आणि इंद्राचे घोडे त्या पुन्हा पुन्हा तुडवतात. शेवटी महादेव कुत्रा घडवतो, तो घोड्यांना हाकलतो, तेव्हा कुठे मुला आणि मुलई हे पहिलं जोडपं जगतं. कथेतला वैरी खांबावर मानाचं वाहन कसा झाला, याचं उत्तर कथेत नाही.

कोरकू या नावात ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. त्यांची भाषा मुंडा भाषाकुळातली, संथाळी-मुंडारीची नातलग. खांबाचं आणि कुळाचं नाव एकच दिसलं म्हणून लगेच त्यांचा संबंध जोडायची घाई मात्र करू नये.

गडचिरोलीकडचे माडिया पितरांसाठी दगडही उभे करतात. कोरकूंची सारी भिस्त लाकडावर. सागाचा तपकिरी गाभा वाळवीला दाद देत नाही, पण सालीलगतचा पांढरा थर ती आधी खाते. तो नीट तासला नसेल तर त्यावरचं कोरीवकाम पहिल्यांदा जातं. खांब कुजतो तो बहुधा जमिनीच्या पातळीवर, कारण तिथं ओल आणि हवा दोन्ही मिळतात. खोल पुरलेलं टोक त्यामानानं टिकतं. मजबुतीसाठी बुडाशी सिमेंटचा ओटा बांधतात, तेव्हा लाकूड आणि सिमेंटच्या फटीत पावसाचं पाणी साचतं आणि कुज वाढते. ऑइल पेंटचा जाड हात उथळ कोरीव रेषा बुजवतो, ओलही आत कोंडतो.

नोंद करायची तर दुपारी डोक्यावरच्या उन्हात फोटो काढू नयेत. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की उथळ रेषाही उठून दिसते. चारही बाजू, शेंडा, जमिनीवरची उंची आणि शेजारच्या खांबापासूनचं अंतर लिहावं. कुणाचा मुंडा, हे घरच्यांना विचारूनच, आणि त्यांची ना नसेल तरच नोंदवावं. कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घेणं टाळावं, कुजकं लाकूड दाबानं सुटतं.

मेळघाटात व्याघ्रप्रकल्प १९७३-७४ मध्ये आला आणि पुढे गाभा क्षेत्रातली काही गावं उठली. घर, शेत यांची भरपाई मोजता येते. मुंडा उपटून नव्या गावठाणात रोवला तर लाकूड तेच राहतं, पण विधी झाला तो जुन्या मातीत. म्हणून संग्रहालयाच्या दालनातल्या खांबाखाली नुसतं ‘काष्ठशिल्प’ लिहिलेलं अपुरं वाटतं. निदान गावाचं नाव, दिशा आणि तो कुठल्या झाडाखाली होता, एवढं तरी पाटीवर हवं.