शिसेविरहित सोल्डर : कोकण किनाऱ्यावरील वापर व वाद

इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील जोड देण्यासाठी वापरला जाणारा, शिसे न घातलेला डाख. डाख तारेच्या रूपात मिळतो. जुन्या चालीच्या तारेत ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असते. ती १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते. शिसेविरहित प्रकारांत जास्त चालणाऱ्या तारेत ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी व ०.५ टक्का तांबे असते आणि तिला २१७ ते २२० अंश लागतात. चांदीमुळे ती महागही पडते.

युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून शिशावर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. भारतात ती १ मे २०१४ पासून आली. नियमाचा रोख उत्पादकांवर असल्याने दुरुस्तीच्या दुकानांत शिशाची तार टिकून आहे. नवा सर्किट बोर्ड उकलताना कारागीर मूळच्या जोडावर मुद्दाम तीच तार वितळवतात, म्हणजे मिश्रण कमी उष्णतेला सुटते.

विरोधकांचा मुख्य आक्षेप ‘कथलाच्या केसां’वर आहे. निव्वळ कथलातून बारीक धातुतंतू उगवतात व शेजारचे दोन जोड शॉर्ट करतात. शिशाने ती वाढ दबते. दमट, गंजत्या हवेत हे केस वाढायला वाव मिळतो, त्यामुळे किनाऱ्यावर हा आक्षेप खराच आहे. १३ अंशांखाली कथील भुकटी होते हा दुसरा आक्षेप थंड मुलखातला. वेंगुर्ल्याला त्याची धास्ती नको.

होडीवरून आलेला फिश फाइंडर (मासळीचा थवा शोधणारे यंत्र) उघडला, की आत तांब्याच्या रेषांवर हिरवा थर आणि कनेक्टरच्या कडेला मिठाची पांढरी पूड दिसते. असा संच बंद पडतो तो मिठाने, किंवा डाख नीट बसावा म्हणून लावलेल्या आणि न पुसलेल्या पेस्टने. तार कोणती होती हा प्रश्न बहुधा नंतरचा. नवसागर कल्हईला उत्तम, पण बोर्डावर राहिला तर ओल धरतो आणि तांबे खातो. शिसेविरहित जोड मुळातच मंद दिसतो. जुन्या सवयीची नजर त्याला ‘ड्राय सोल्डर’, म्हणजे कच्चा जोड, समजून पुन्हा तापवते आणि बोर्डाची रेषाच उचलली जाते.

डाख देताना धुरातून शिसे अंगात जाते, हा समजही चुकीचा आहे. डाख देण्याच्या आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. खोकला आणतो तो तारेतल्या राळेचा धूर, आणि तो दोन्ही तारांना असतो. शिसे पोटात जाते ते हातावाटे. तार दातात धरायची, त्याच बोटांनी वडापाव खायचा, ही टेबलावरची खरी जोखीम. जाळ्याला शिशाच्या गोळ्या ओवणाऱ्या हातांनाही तीच लागू आहे, आणि एका जाळ्यातले शिसे दुकानातल्या तारेच्या रिळापेक्षा कितीतरी जास्त भरते. जगातले बहुतांश शिसे तर बॅटऱ्यांत जाते. होडीचे इंजिन ज्या बॅटरीवर चालू होते, तीही त्यातलीच.